झऱ्यावरचा वाटा

गोदावरीवरून परतून दहा दिवस झाले. भर थंडीत नदीत उतरून मासे धरून आलो, असं ऑफिसात ज्याला-त्याला सांगत सुटलो, आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच: कुठे? कसं जायचं? मी "गेवराई तालुक्यात, गोदाकाठी" एवढंच सांगतो आणि विषय बदलतो. लोकांना वाटतं मी भाव खातोय. तसं नाही. ती जागा मी आयुष्यात एकदा सांगून बसलो आहे.

मी मूळचा चकलांब्याचा. गेली सव्वीस वर्षं पुण्यात एका कारखान्याचं भांडार सांभाळतो. आमचं घर लिंगायत, वडिलांचं किराणा दुकान. बाजाराच्या दिवशी मासळीवाले ज्या कडेला बसत तिकडून जायलाही आम्हाला बंदी होती. अशा घरातला मुलगा जाळं टाकायला शिकला तो गोरखमुळे. गोरख गोदाकाठच्या भोयाचा मुलगा. आत्याकडे राहून आमच्या शाळेत होता आणि आम्ही एका बाकावर बसायचो. सुट्टी लागली की मी सायकल काढून त्याच्या गावी जायचो. मासे धरायचो, खायचो मात्र पिठलं-भाकरी.

डिसेंबरच्या अखेरीस त्याचा फोन आला. "म्हाल्या, तात्या लई थकलेत. संक्रांतीच्या आत एकदा झऱ्यावर जाळं टाकायचं म्हणतेत. तुझी आठवण काढतेत. ये."

तात्या म्हणजे गोरखचे वडील. फोन ठेवल्यावर मी हॉलमधून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून हॉलमध्ये फिरत राहिलो. बायको म्हणाली, "अहो, बसा ना जरा." बसता येईना. तात्यांना एक गोष्ट सांगायची पस्तीस वर्षं राहिली होती. ती सांगितल्याशिवाय तात्या गेले असते, तर मग ती कुणालाच सांगता आली नसती.

शुक्रवार, चकलांबा

बीडच्या स्टँडवर उतरलो तेव्हा रिक्षावालेसुद्धा मफलरात होते. आमच्याकडे उन्हाळ्याचा बोभाटा फार, त्यामुळे बीडची थंडी बाहेरच्यांना ठाऊक नसते. ती कोरडी असते, ओठ फाडते. संध्याकाळी चकलांब्याला पोहोचलो. चुलतभावाने शेतात हुरडा भाजला होता. गोवऱ्यांच्या आरात ज्वारीची कणसं, सोबत दही आणि लसणाची चटणी. पुण्यात माणूस अचानक आला की "काय काम काढलंत?" हे डोळ्यांत दिसतं. इथे आधी पाणी, मग हुरडा, आणि कारण तुम्ही सांगाल तेव्हा. मी सांगितलं नाही.

हुरडा खाताना आमची विहीर समोर दिसत होती. तिथूनच सगळं सुरू झालं होतं, म्हणून ते इथेच लिहितो.

मी दहावीत होतो. विहिरीला खडक लागला होता, म्हणून वडिलांनी सुरुंग लावणारे दोघे बोलावले होते. मी त्यांना चहा घेऊन गेलो. त्यांचं माशांवर बोलणं चाललं होतं, थंडीत मासा मिळतच नाही वगैरे. मी म्हणालो, मिळतो. ते हसले. "वाण्याच्या पोरा, तुला काय कळतंय माशातलं? तू गूळ तोल."

मला कळत होतं. आधीच्याच आठवड्यात गोरखने मला दाखवलं होतं. थंडीत नदीचं पाणी गार पडलं की मासा फिरत नाही, तळाला बसतो. पण डोहाच्या पोटात एका ठिकाणी झरा आहे. विहिरीचं पाणी हिवाळ्यात कोमट लागतं, तसंच ते जमिनीतलं पाणी कोमट असतं. सगळ्या डोहाचा मासा थंडीत तिथे गोळा होतो. ही जागा फक्त दोघांना माहीत होती, तात्यांना आणि त्यांच्या धाकट्या भावाला, नामाकाकांना. थंडीत तिथे एकदाच जाळं टाकायचं, मोठा तेवढा घ्यायचा, बारका सोडायचा. आणि जाळं कुणीही टाको, दुसऱ्या भावाचा वाटा त्याच्या दारात पोहोचलाच पाहिजे. हे त्यांच्या बापाने घालून दिलं होतं. गोरखलाही अजून सांगितलं नव्हतं. त्याने बापाच्या मागे लपून जाऊन पाहिलं होतं. "कुणाला बोलू नको बे," तो मला म्हणाला होता.

मी त्या दोघांच्या मोटारसायकलवर मधे बसून गेलो आणि बोटाने जागा दाखवली. त्यांनी विहिरीची जिलेटीनची कांडी पाण्यात टाकली. पाणी आधी फुगलं, मग पांढरं झालं. मग मासे वर आले, पोटं वर करून. मोठे त्यांनी दोन पोत्यांत भरले. करंगळीएवढे शेकडो तसेच तरंगत राहिले. मी शेतांमधून पळत घरी आलो आणि ताप आल्याचं सोंग करून पडलो. दुसऱ्या दिवशी खरोखरच ताप आला.

झऱ्यावर पुढे चार-पाच वर्षं मासा बसला नाही. गोरखने शाळा सोडली आणि घरच्यांबरोबर ऊसतोडीला गेला. पण त्याहून वाईट दुसरंच झालं. जागा दोघांनाच माहीत, म्हणून तात्यांनी ठरवलं की नामाने विकली. भाऊ नाही नाही म्हणत राहिला. मग तो नदी ओलांडून पलीकडे जालना जिल्ह्यात राहायला गेला. त्यानंतर दोन्ही घरांत लग्नं झाली, मयती झाल्या. कुणी कुणाकडे गेलं नाही.

मला हे सगळं वेळोवेळी कळत होतं.

शनिवार, गोदाकाठ

गोरख मोटारसायकल घेऊन न्यायला आला. डोक्यावर माकडटोपी, अंगात कुणाच्या तरी शाळेचा निळा स्वेटर. "पोट सुटलंय बे तुझं," तो म्हणाला. "तराफा बुडतोय उद्या." वाटेत मी दोनदा बोलायला तोंड उघडलं. दोन्ही वेळा गार वारा घशात गेला आणि खोकला आला. ते निमित्त मला बरं वाटलं, हेही कबूल करतो.

तात्या ओसरीत उन्हाला बसले होते. माणूस निम्मा झाला होता, हात मात्र तेच, जाळ्याच्या दोरीने बोटांवर पडलेल्या चिरांसकट. डोळ्यांना धुरकट दिसतं. त्यांनी माझं मनगट चाचपलं.

"वाण्याचा म्हालिंग व्हय?"

"हो तात्या."

"लई दिवसानं. दुकान हाय का?"

"वडील गेले, दुकान भावाने मोडलं."

"हं. गूळ चांगला असायचा."

मी बसलो, उठलो, पुन्हा बसलो. नदीकडे जाऊन आलो. पलीकडच्या काठावर दोन-तीन घरं दिसतात. त्यातल्या एकातून धूर निघत होता. परत आलो, चहा घेतला, पुन्हा नदीवर गेलो. असं किती वेळा झालं माहीत नाही. शेवटी तात्या सुनेला म्हणाले, "ह्याला खुंट्याला बांधा गं. शेळीवाणी फिरतंय कवापासनं."

सुमनवहिनी हसून म्हणाली, "भाऊजी, पुण्यात हिंडायला जागा न्हाई जणू." तिने माझ्यासाठी वेगळं भांडं, वेगळा तवा काढून ठेवला होता. हुलग्याचं माडगं केलं होतं, गरम आणि घट्ट, वर तूप. माझा मासे न खाण्याचा नियम या घराने जितका जपला तितका मी त्यांचा जपला नव्हता. 

दुपारी गोरखने जाळं उन्हात पसरलं. मी जाळ्यातल्या तुटलेल्या घरांना गाठी मारायला बसलो. बोटांना गाठ आठवत होती. पण एका जागी अर्धा तासही मन टिकेना आणि मी चार गाठी चुकीच्या मारल्या. गोरखने त्या न बोलता सोडवल्या.

"तात्यांशी एक बोलायचंय," मी म्हणालो.

त्याने जाळ्याची दुसरी कड उन्हात ओढली. "आधी मासा धरू," म्हणाला.

रविवार, डोह

थंडीत भोई पहाटेची घाई करत नाहीत, हे मला नव्याने कळलं. मी साडेपाचपासून तयार होऊन अंगणात फिरत होतो. गोरख उजाडल्यावर उठला. पहाटे फक्त जागा बघायची असते. सगळ्या डोहावरून वाफ निघते, पण झऱ्यावरची दाट असते आणि उशिरापर्यंत टिकते. जाळं टाकायचं ते ऊन पाण्यावर आल्यानंतर.

वाळूच्या उपशाने नदी बदलून गेली आहे. जिथे आम्ही गुडघाभर पाण्यात चालायचो तिथे आता पुरुषभर खड्डे आहेत. तरी खुणा शिल्लक होत्या. या काठाला पाण्यावर वाकलेली करंजी, पलीकडे पांढरं देऊळ. करंजीचं खोड आणि देवळाचा कळस एका रेषेत आले की डावीकडे काळ्या कातळाची सोंड पाण्यात उतरते. तिच्या पोटाशी झरा.

तात्यांना मोटारसायकलवर मधे बसवून आणलं होतं. घोंगडी लपेटून ते प्लास्टिकच्या खुर्चीवर काठाला बसले. शेजारी आम्ही कपाशीच्या पळाट्या पेटवल्या. "म्हालिंगाला उतरवा," ते म्हणाले. "डोळ्यानं न्हाई घावत ते. पायाला इचारायचं."

मी पँट गुडघ्यावर दुमडून पाण्यात पाऊल टाकलं आणि ओरडलो. पाणी नव्हे, दाताने चावणारं काहीतरी होतं ते. मांडीपर्यंत गेलो तेव्हा पायाची बोटं आहेत की नाहीत कळेना.

"हलू नको," तात्या काठावरून म्हणाले. "तुझ्या पायानं समदा डोह जागा होतोय. हुबा ऱ्हा की बे!"

उभं राहणं मला जमत नव्हतं. थंडीने नाही, आतूनच. एक पाऊल, दुसरं पाऊल. आणि मग डाव्या टाचेखाली एकदम कोमट लागलं, कुणी झोपलेल्या माणसाच्या पांघरुणात पाय गेल्यासारखं. मी "इथे!" म्हणून वळलो, आणि शेवाळावरून घसरून पाठीवर पडलो. नाकातोंडात पाणी. गोरखने कॉलर धरून उभं केलं. काठावर तात्या खोकेपर्यंत हसत होते.

मला कोरडी लुंगी आणि वहिनीचा स्वेटर देऊन शेकोटीजवळ बसवलं. गोरख थर्माकोलच्या तराफ्यावर पालथा झाला आणि दोन्ही हातांत जेवणाच्या ताटल्या घेऊन वल्हवत गेला. कातळाभोवती त्याने जाळ्याचा अर्धा वेढा घातला. उन्हाळ्यात मासा आपण होऊन जाळ्यात शिरतो. थंडीत त्याला उठवावं लागतं. पण धसका देऊन नाही, नाहीतर तो तळाला चिकटतो. गोरख वेळूच्या काठीने पाणी थोपटत होता, हळूहळू, मूल निजवताना थोपटतात तसं.

वीसेक मिनिटं काहीच नाही. मग तरंगायला बांधलेल्या बाटल्यांतली एक डुबली. मग दुसरी.

जाळं काठाला ओढलं तेव्हा चार रोहू, एक जाडजूड कटला, दोन वाम आणि बरेच बारके होते. गारठलेला मासा फार तडफडत नाही. जाग आलेल्या माणसासारखा नुसता तोंड उघडतो. गोरख एकेक बारका सोडवून पाण्यात टाकत होता. मीही टाकू लागलो. मासा पाण्यात गेला की शेपटीचा एक झटका देऊन नाहीसा व्हायचा. ते मी पस्तीस वर्षांपूर्वी पाहिलेल्याच्या अगदी उलट होतं.

मग वाटणी. गोरखने गोणपाटाच्या एका चवाळ्यावर सगळे मोठे मासे ठेवले. एकच ढीग.

मी म्हणालो, "काकांचा वाटा?"

गोरखचा हात थांबला. तात्या शेकोटीकडे बघत म्हणाले, "त्याचा वाटा त्यानं एकदाच उचलला. पोत्यानं."

"त्यांनी नाही उचलला, तात्या. मी सांगितली होती जागा. सुरुंगवाल्यांना. मी गाडीवर बसून आलो आणि बोटाने दाखवली."

एवढंच. इतकी वर्षं मनात किती मोठं भाषण तयार केलं होतं. प्रत्यक्षात ते एका श्वासात संपलं. मी उभाच होतो, वहिनीच्या स्वेटरमध्ये आणि लुंगीत, नाक गळत असलेला बावन्न वर्षांचा माणूस.

तात्यांनी एक काटकी शेकोटीत सरकवली. पळाट्या तडतडत होत्या. मग विचारलं, "दोघं हुते?"

"दोघं."

"कांडी वरनं टाकली का खालनं?"

"कातळावरून. वरून."

"हं. म्हनून सोंडंचा तुकडा पडला." मग मान वळवून, "आन् ह्याला कुणी दाखिवली?"

मी बोलणार तेवढ्यात गोरख म्हणाला, "मी."

"तुला कुणी दाखिवली?"

"तुमच्या मागं आलतो. लपून." तो चवाळ्याकडे बघत बोलत होता. "मला तवाच कळलं हुतं म्हाल्याचं काम हाय. ह्याचं नाव घेतलं असतं तर माझं निघालं असतं. तुमी चामडी सोलली असती. मग लगीन झालं, पोरं झाली, तरी न्हाई निघालं तोंडातनं."

म्हणजे मी एकटाच नव्हतो. याने हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. एका बाकावरच्या दोन पोरांनी दोन भावांना नदीच्या दोन काठांवर बसवलं होतं, आणि आम्ही दोघंही गप्प.

"नामा पोराच्या डोक्यावर हात ठिवून आन घेत हुता," तात्या म्हणाले. "मी त्याच्या अंगावर थुकलतो. समद्या गावाम्होरं."

त्यांनी घोंगडी आवळली. मग ते एकदम करड्या आवाजात म्हणाले, "बघतो काय? वाटा काढ. कटला त्याला घाल. त्याला डोकं आवडतंय."

गोरखने कटला, दोन रोहू आणि एक वाम वेगळी केली, पोत्याच्या तुकड्यात बांधली.

"हा नेईल," तात्यांनी हनुवटीने माझ्याकडे दाखवलं.

"मी? मासा?" तोंडातून निघून गेलं.

"धुतलं की जातंय हाताचं."

रविवार, पलीकडे

तराफ्यावर मी पोटावर, पुढ्यात मासळीचं गाठोडं, मागे पोहत ढकलणारा गोरख. गळ्यातलं लिंग ओल्या पोत्याला घासत होतं. आईला हे दिसलं असतं तर काय म्हणाली असती, असा विचार आला. पण आईला त्याहून वाईट गोष्ट कधी कळली नव्हती.

नामाकाका अंगणात हरभऱ्याचे डहाळे सोलत बसले होते. तात्यांचंच तोंड, फक्त दात शाबूत. गोरखला पाहून ते उठले नाहीत. मी गाठोडं त्यांच्यासमोर ठेवलं.

"तात्यांनी वाटा पाठवलाय."

"कंच्या तात्यानं?"

मी पुन्हा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना ते सोपं गेलं नाही. उलट अवघड गेलं, कारण हा माणूस काहीच न केल्याबद्दल पस्तीस वर्षं परक्या काठावर राहिला होता. सून दारात येऊन उभी राहिली होती. काकांनी गाठोडं सोडलं. कटल्याचा कल्ला बोटाने उघडून पाहिला. उलटा केला. पुन्हा सुलटा केला.

"झऱ्यावरचा?"

"हो."

"बसतोय व्हय मासा अजून तितं." हे त्यांनी स्वतःशीच म्हटलं. मग चारही माशांवरून नजर फिरवून माझ्याकडे पाहिलं. "पस्तीस वर्साचा एवढाच का बे?"

गोरख हसला आणि लगेच गप्प झाला.  मी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत उभा होतो.

"हुबा कावून हायस? बस," काका म्हणाले.

मी मातीत बसलो. सुनेने गुळाचा चहा दिला. तो संपेपर्यंत मी उठलो नाही. त्या तीन दिवसांत प्रथमच.

निघताना काकांनी गोरखला विचारलं, "दादाचा खोकला हाय का अजून?"

"हाय. सकाळी लई."

वाट्याचं फडकं रिकामं परत जाऊ द्यायचं नाही, ही त्यांच्यातली रीत. काकांनी त्यात हरभऱ्याचे डहाळे भरले, अगदी कोचून, आणि गाठ स्वतः मारली. "म्हनावं, सोलून खा." येतो, नाही येत, काहीच बोलले नाहीत.

तात्यांनी ते गाठोडं मांडीवर घेतलं. एक घाटा काढून चाचपला. "मला दात न्हाईत हे ठाऊक हाय त्याला. मुद्दाम धाडलंय." मग संध्याकाळपर्यंत ते एकेक घाटा सोलून हिरवा दाणा हिरड्यांनी चघळत बसले. वहिनी वाटून देते म्हणाली तर तिच्यावर खेकसले.

सोमवार

माफ केलं असं तात्या म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही. गोरखची गाडी चालू झाली तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं, मनगट धरलं आणि झऱ्याच्या खुणा पुन्हा पहिल्यापासून सांगितल्या. झाड, देऊळ, कातळ, पाण्याची खोली, कोणत्या महिन्यात किती पावलं सरकतो. माझ्याकडून पाठ म्हणवून घेतल्या. एक चुकली तर पुन्हा म्हणायला लावली.

"आता तुला नीट ठाऊक झालं," ते म्हणाले. "मागं चोरून कळलं हुतं. आता मी सांगितलंय. आता गप ऱ्हा."

मागच्या आठवड्यात गोरखचा फोन आला होता. नामाकाका अजून आलेले नाहीत. पण संक्रांतीला पलीकडून तिळगूळ आला, आणि तात्यांनी तराफ्याची दोरी बदलून घेतली.

मी पुण्यात आहे. रोज कुणीतरी जागा विचारतं. तात्यांनी पाठ करून घेतलेलं जिभेवर येतं आणि मी चहाचा घोट घेतो. हे लिहितानाही हात तिकडेच ओढत होता, म्हणून वाचणाऱ्यांची क्षमा मागून सांगतो: डोहाच्या ज्या खुणा वर आल्या आहेत, त्या मी मुद्दाम चुकीच्या लिहिल्या आहेत.